कंपनीविरुद्ध तक्रार करताना तक्रारदाराला कसं जपायचं: आठ टप्पे

कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचे बरेच मसुदे माझ्या हाताखालून गेले आहेत. कुठे धरण, कुठे खाण, कुठे कपड्यांचा कारखाना. प्रश्न दर वेळी वेगळा, चूक मात्र बहुतेक वेळा तीच. तक्रार आधी जाते आणि तक्रारदाराच्या सुरक्षिततेचा विचार धमकीचा पहिला फोन आल्यावर सुरू होतो. तोवर नावं कंपनीच्या टेबलावर पोचलेली असतात, आणि एकदा पोचलेलं नाव परत मागता येत नाही.

करायची कामं बहुतेकांना ठाऊक असतात. घोळ होतो तो क्रमात. खालच्या आठ टप्प्यांपैकी पहिल्या तीनांना दोन-तीन महिने लागले तरी लागू द्या. तक्रारीला मुदत असेल तर तेवढीच घाई करा.

आधी एका शब्दाचा उलगडा, कारण तक्रारदार आणि त्याला साथ देणारे बहुतेक वेळा याच नावाखाली येतात. मानवी हक्क रक्षक हे काही पद नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर १९९८ मध्ये मंजूर केलेल्या जाहीरनाम्याचा रोख माणसाच्या कामावर आहे: शांततेच्या मार्गाने हक्कांसाठी झटणारी कोणतीही व्यक्ती त्यात येते. युनियनची कामगार, जमीन जाणारा शेतकरी, नदीच्या पाण्याचे नमुने बाटलीत भरणारी शिक्षिका, बातमीदार, वकील, दुभाषा. दुभाष्याला आपण हमखास विसरतो.

## १. माणसांची यादी

कोरा कागद घ्या आणि तक्रारीमुळे कोणाकोणाला त्रास होऊ शकतो ते लिहा. सही करणाऱ्यांपासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. बैठकीला जागा देणारा, गाडी चालवणारा, फोटो काढणारी, कंपनीतच नोकरीला असलेला भाऊ, कंत्राटावरची वहिनी. सूड घ्यायचा असेल तर तो बहुतेक वेळा पुढाऱ्यावर निघत नाही, भावाच्या नोकरीवर निघतो. पुढाऱ्याला हात लावला की बातमी होते, भावाचं कंत्राट वाढवलं नाही तर होत नाही.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा. धोका कोणाकडून आणि कसला. ही व्यक्ती कुठे उघडी पडते: एकटी राहते का, घर कंपनीच्या जागेत आहे का, कागदपत्रं अपुरी आहेत का. आणि तिच्या पाठीशी काय आहे: वकील, संघटना, शेजार, दुसरीकडे राहायची सोय. दुसरा रकाना भरलेला आणि तिसरा रिकामा असेल, तर त्या व्यक्तीचं नाव तक्रारीत घालायचं नाही, तिची स्वतःची इच्छा असली तरी. निदान तिसऱ्या रकान्यात काहीतरी येईपर्यंत तरी नाही. इथे लोक माझ्याशी वाद घालतात. मी ऐकून घेतो, मत बदलत नाही.

मग संमती. ‘चालेल का?’ ‘चालेल’ ही संमती नव्हे. चार वेगवेगळे प्रश्न विचारा:

- तुमची माहिती नाव न देता आकड्यात धरली तर चालेल का?
- तुमचं म्हणणं नाव न देता शब्दशः दिलं तर?
- तुमचं नाव फक्त तक्रार कार्यालयाला कळलं तर?
- तुमचं नाव कंपनीला कळलं तर?

उत्तरं तारखेसह नोंदवा आणि तक्रार जाण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा विचारा. माणसाची परिस्थिती बदलते. कोणाच्या घरी बाळंतपण असतं, कोणाला नवी नोकरी लागलेली असते.

सावधान: गटाच्या बैठकीत हात वर करून संमती घेऊ नका. शेजारी बसलेल्यांसमोर ‘नाही’ म्हणणं कठीण असतं.

तपासा: यादीतल्या प्रत्येकाला ‘सगळ्यात वाईट काय होऊ शकतं’ हे त्याच्या भाषेत सांगून झालं आहे का? ते सांगितल्यावरही तो ‘हो’ म्हणाला का?

## २. पुरावा

पुराव्याच्या बाबतीत दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात. फोटो खरा आहे हे दाखवायला त्याची मूळ फाईल लागते, कारण कधी आणि कुठे काढला ही माहिती तिच्यातच असते. पण तीच माहिती फोटो काढणारा कुठे उभा होता, कोणता फोन वापरत होता हेही सांगते. त्यामुळे सुरुवातीपासून दोन संच ठेवा.

मूळ संच: फाईल जशी आहे तशी, फोनमधून थेट काढलेली. मेसेजिंग ॲपवरून आलेला फोटो मूळ धरू नका, बहुतेक ॲप फोटो लहान करतात आणि आतली माहिती पुसतात. फाईलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, त्याच दिवशी काढून वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. हा संच कूटबद्ध करून दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण तुमच्या गावाबाहेरचं.

द्यायचा संच: आतली माहिती काढलेल्या प्रती. फोटोत फक्त चेहरा झाकून भागत नाही. कपाळावरची जखम, हातावरचं गोंदण, मागची भिंत, गाडीचा नंबर. आणि कोन. एका फोटोत चेहरा एकही नव्हता, पण तो कारखान्याच्या ज्या खिडकीतून काढला होता तिथे पाळीवर तीनच बायका बसायच्या. कोणी काढला ते व्यवस्थापनाला शोधावं लागलंच नाही.

कागदांचंही तसंच. वर्डच्या फाईलमध्ये लिहिणाऱ्याचं नाव आणि खोडलेला मजकूर राहतो. पीडीएफवर काळी पट्टी ओढली म्हणजे नाव गेलं असं नाही: माझ्याकडे आलेल्या एका परिशिष्टात पट्टीखालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला आणि ४३ नावं जशीच्या तशी उमटली. सुदैवाने तो मसुदाच होता. तेव्हापासून नावं फाईलमधूनच काढून तिथे ‘साक्षीदार ७’ लिहितो, मग छापतो आणि छापलेलं स्कॅन करतो. जुनाट पद्धत आहे, पण अजून फसलेली नाही.

साक्षीदारांचे क्रमांक आणि खरी नावं जोडणारी किल्ली तक्रारीच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. हे वाचून सगळे मान डोलावतात आणि ‘यादी_अंतिम’ नावाची फाईल त्याच फोल्डरमध्ये सापडते.

## ३. कंपनीची साखळी

गेटवर पाटी एका कंपनीची, जमीन दुसरीच्या नावावर, सुरक्षारक्षक तिसऱ्या ठेकेदाराचे आणि कर्ज एखाद्या परदेशी विकास बँकेचं. तक्रार पाटीवरच्या कंपनीला जाते आणि ती शांतपणे उत्तर देते, की मारहाण करणारे आमचे कर्मचारी नव्हते.

हे उत्तर पुरेसं नाही, आणि ते का पुरेसं नाही हे तुम्हाला लिहिता यायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये स्वीकारलेल्या व्यवसाय आणि मानवी हक्कांच्या मार्गदर्शक तत्त्वांपैकी १३ वं तत्त्व कंपनीची जबाबदारी तीन प्रकारे मांडतं: तिने स्वतः हानी केली, तिने हानीला हातभार लावला, किंवा तिच्या व्यावसायिक संबंधांमधून ती हानीशी थेट जोडलेली आहे. ठेकेदार तिसऱ्या प्रकारात तरी येतोच. मारहाणीचा हुकूम किंवा मुभा कंपनीकडून गेली असेल तर मामला दुसऱ्यात जातो. फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या दोहोंत कंपनीने भरपाईत वाटा उचलावा अशी अपेक्षा असते (तत्त्व २२). तिसऱ्यात तिने ठेकेदारावर किंवा ग्राहकावर आपलं वजन वापरावं, आणि वजन कमी पडत असेल तर ते वाढवावं, असं १९ वं तत्त्व सांगतं.

साखळी शोधताना या क्रमाने जा: मालकी, पैसा, ग्राहक, सुरक्षा. मालकी कंपनी नोंदणीच्या कागदांत आणि वार्षिक अहवालातल्या उपकंपन्यांच्या यादीत मिळते. पैसा विकास बँकांच्या प्रकल्प यादीत. त्या बऱ्याचदा आपले प्रकल्प जाहीर करतात. मात्र पैसा मधल्या एखाद्या स्थानिक बँकेतून किंवा फंडातून आला असेल तर नाव तिथे सहज दिसत नाही. ग्राहक शोधायला मालावरचं लेबल, खोक्यावरचा शिक्का किंवा ब्रँडने जाहीर केलेली पुरवठादारांची यादी पाहा. नॉर्वेच्या पारदर्शकता कायद्याखाली, जो १ जुलै २०२२ पासून लागू आहे, कोणीही त्याच्या कक्षेतल्या मोठ्या कंपनीला लेखी प्रश्न विचारू शकतो आणि उत्तर साधारणपणे तीन आठवड्यांत मिळायला हवं. ग्राहक कंपनी तिथली असेल तर हे हत्यार हाताशी असतं, पण लोकांना त्याचा पत्ताच नसतो.

पैशाचा शोध आधी का घ्यायचा? होंडुरासमध्ये ग्वालकार्के नदीवरच्या आग्वा सार्का धरणाला विरोध करणाऱ्या बेर्ता कासेरेस यांचा मार्च २०१६ मध्ये खून झाला. आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने त्यांच्यासाठी संरक्षणाचे उपाय २००९ मध्येच सांगितले होते. नेदरलँड्सची एफएमओ आणि फिनलंडची फिनफंड या विकास बँकांनी प्रकल्पाचं कर्ज खुनानंतर थांबवलं आणि २०१७ मध्ये त्या बाहेर पडल्या. पुढे, २०२१ मध्ये, धरण बांधणाऱ्या कंपनीचा माजी प्रमुख या खुनात दोषी ठरला. कर्ज देणाऱ्याला धोक्याची लेखी सूचना पहिल्या धमकीला जायला हवी, शेवटच्या नाही.

तपासा: साखळीतल्या प्रत्येक दुव्यापुढे त्याचा पुरावा आणि तो कुठून मिळाला ते लिहिलं आहे का? ‘सगळ्यांना माहीत आहे’ हा पुरावा तक्रार कार्यालयात चालत नाही.

## ४. दार निवडणं

आता कुठे जायचं ते ठरवा. तक्रार कुठे चालेल हे साखळीवरून ठरतं, त्यामुळे तिसरा टप्पा अर्धवट असेल तर हा टप्पा म्हणजे निव्वळ अंदाज.

कंपनीची स्वतःची तक्रार यंत्रणा. वर सांगितलेल्या मार्गदर्शक तत्त्वांपैकी ३१ व्यात अशा यंत्रणेसाठी निकष दिले आहेत: विश्वासार्ह, पोचता येण्याजोगी, अंदाज बांधता येईल अशी, समन्यायी, पारदर्शक वगैरे. कंपनीची पेटी किंवा फोन नंबर वापरण्याआधी एवढंच विचारा की तक्रार पहिल्यांदा वाचतं कोण. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच व्यवस्थापक असेल तर त्या पेटीत कागद टाकू नका. त्याऐवजी मुख्यालयाच्या मानवी हक्क किंवा अनुपालन विभागाला लिहा.

खरेदीदार ब्रँड. कपडे, पाम तेल अशा धंद्यांत याचा परिणाम सगळ्यात लवकर दिसतो. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा २०२३ पासून लागू आहे. त्याने मोठ्या कंपन्यांवर तक्रारीची सोय ठेवण्याची आणि तक्रारदाराला त्रास होऊ न देण्याची जबाबदारी टाकली. पाम तेलाच्या आरएसपीओ या प्रमाणन व्यवस्थेकडे मानवी हक्क रक्षकांच्या आणि तक्रारदारांच्या संरक्षणाचं वेगळं धोरण आहे.

ओईसीडीची, म्हणजे मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेची, राष्ट्रीय संपर्क केंद्रं. बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीच्या ओईसीडीच्या मार्गदर्शक सूचना मान्य केलेल्या प्रत्येक देशात असं एक केंद्र असतं. हानी झालेला देश त्यात नसला तरी कंपनी ज्या देशाची आहे त्या देशाच्या केंद्राकडे जाता येतं. २०२३ च्या सुधारणेत तक्रार करणाऱ्यांवर दबाव आणू नये, सूड घेऊ नये असं कंपन्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. केंद्र मध्यस्थी करतं आणि निवेदन काढतं. शिक्षा देत नाही. इथे तक्रार संस्थेच्या किंवा युनियनच्या नावाने करता येते, हा मोठा फायदा.

विकास बँकांची तक्रार कार्यालयं. जागतिक बँकेचं इन्स्पेक्शन पॅनेल, आयएफसीसाठी (जागतिक बँक समूहाची खासगी कंपन्यांना पैसा देणारी संस्था) सीएओ हे कार्यालय, आशियाई विकास बँकेची उत्तरदायित्व यंत्रणा. नियम वेगवेगळे आहेत: पॅनेलकडे किमान दोन बाधित व्यक्ती लागतात, सीएओकडे एकटी व्यक्तीही जाऊ शकते, आणि तक्रार स्वतःच्या भाषेत लिहिता येते. आशियाई विकास बँक आधी तिच्या संबंधित विभागाशी बोलून पाहिलं का, असं विचारते. मुदतीही वेगळ्या, आणि नियम अधूनमधून बदलतात. त्या त्या कार्यालयाचा सध्याचा मजकूर वाचल्याशिवाय काही गृहीत धरू नका.

सावधान: निनावी आणि गोपनीय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निनावी तक्रार यातली बहुतेक कार्यालयं घेत नाहीत. गोपनीय म्हणजे कार्यालयाला नाव कळतं, कंपनीला नाही. ‘आम्हाला निनावी राहायचं आहे’ असं लिहून अर्ज फेटाळला गेलेला मी पाहिला आहे. त्या लोकांना हवी होती ती गोपनीयता.

दोन दारं एकदम ठोठावता येतात का? बऱ्याचदा येतात. पण न्यायालयात चालू असलेल्या खटल्यामुळे काही कार्यालयं थांबतात, म्हणून वकिलाला आधी विचारा.

## ५. मसुदा

मसुद्यात सुरक्षिततेचा परिच्छेद पहिल्या पानावर हवा. लोक तो शेवटी, ‘इतर मुद्दे’ मध्ये टाकतात आणि तोवर कारकुनाने प्रत पुढे पाठवलेली असते. मी साधारण असा मजकूर घालतो:

“परिशिष्ट ‘क’ मधील नावं केवळ आपल्या कार्यालयासाठी आहेत. आमच्या लेखी परवानगीशिवाय ती कंपनीला, तिच्या ठेकेदारांना, सरकारी अधिकाऱ्यांना किंवा बँकेच्या प्रकल्प विभागाला कळवू नयेत. तक्रार मिळाल्याचं कंपनीला कळवण्याआधी किमान पाच दिवस आम्हाला तशी सूचना द्यावी. तक्रारदारांवर दबाव आल्यास आपलं कार्यालय कोणती पावलं उचलेल, ते लेखी कळवावं.”

यातले ‘बँकेच्या प्रकल्प विभागाला’ हे शब्द अनुभवातून आले आहेत. नावं बाहेर फुटतात ती बऱ्याच वेळा आतल्या आत, सद्भावनेने पाठवलेल्या ईमेलमधून.

पुढे घटनाक्रम, हानी, साखळी आणि मागण्या. घटनाक्रमात विशेषणं काढा, तारखा घाला. मागण्यांवर मात्र वेळ खर्च करा, कारण तिथेच तक्रार पोकळ होते. ‘कार्यकर्त्यांना संरक्षण द्यावं’ ही मागणी कंपनी आनंदाने मान्य करते आणि आपलेच सुरक्षारक्षक तुमच्या दारात उभे करते. कोणी, काय, कधीपर्यंत, हे तिन्ही हवं:

- कार्यकर्त्यांवर भरलेले अब्रुनुकसानीचे दावे अमुक तारखेपर्यंत मागे घ्यावेत.
- सूड घेणाऱ्या ठेकेदाराचं कंत्राट रद्द करता येईल असं कलम सुरक्षेच्या करारात घालून त्याची प्रत द्यावी.
- प्रकल्पाला विरोध करणं कायदेशीर आहे आणि कंपनी त्याचा आदर करते, असं निवेदन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या सहीने, स्थानिक भाषेत, गेटवर लावावं.

तिसरी मागणी अनेकांना नुसती शोभेची वाटते. पण गेटवरचा रक्षक आणि स्थानिक पुढारी साहेबाचा रोख बघून वागतात, आणि वरून गप्प बसणं त्यांना होकारासारखं वाटतं.

तपासा: मसुदा विरोधकाच्या नजरेने वाचायला एका बाहेरच्या माणसाला द्या. त्याने फक्त एवढंच शोधायचं: यातून कोण कोण ओळखू येतं?

## ६. पाठवण्याचा दिवस

शुक्रवारी संध्याकाळी किंवा सणाच्या आदल्या दिवशी पाठवू नका. काही घडलं तर वकील, दूतावास, वार्ताहर कोणीच फोन उचलत नाही. तक्रार कोणत्या दिवशी जाणार ते यादीतल्या प्रत्येकाला आधीच कळवा. रोज ठरावीक वेळी कोण कोणाला फोन करणार आणि फोन आला नाही तर किती वेळाने पुढचं पाऊल उचलायचं, हे ठरवून ठेवा. पोचपावती घ्या. ती आली नाही तर तक्रार पोचली असं धरू नका.

## ७. कंपनी चर्चेला बोलावते तेव्हा

बैठक सुरू होते, चहा येतो आणि एक वही फिरू लागते: नाव, गाव, फोन नंबर, सही. नेहमीचीच हजेरी, म्हणून सगळे भरतात. अशा एका बैठकीनंतर दोन दिवसांनी सुरक्षा ठेकेदाराचा माणूस वहीतल्या क्रमानेच घरोघर ‘सहज विचारपूस’ करायला गेला. पहिल्या पानावरची पहिली सही एका विधवा बाईची होती.

म्हणून बैठकीच्या अटी आधी लेखी ठरवा: जागा तटस्थ, वही नाही, फोटो नाहीत, सशस्त्र रक्षक किंवा पोलीस खोलीत नाहीत, दुभाषा तुमच्या पसंतीचा, नोंदी दोन्ही बाजूंच्या. ‘आम्हाला चौकशी करायची आहे, नावं द्या’ असं कंपनी म्हणेल. उत्तर असं द्या की चौकशीला घटनेची तारीख, वेळ, जागा आणि गाडीचा नंबर पुरतो. ते सगळं दिलं आहे. पाळीचं रजिस्टर आणि सीसीटीव्हीचं चित्रण कंपनीकडेच आहे.

सावधान: भरपाईच्या करारात ‘यापुढे या विषयावर जाहीर बोलणार नाही’ असं कलम असतं. वकिलाने वाचल्याशिवाय सही नाही, आणि पैसे देतानाच्या घाईत तर मुळीच नाही.

## ८. सूड सुरू झाला तर

पहिल्या घटनेपासून नोंदवही ठेवा: तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे, कोण साक्षीला. मोटरसायकल दोनदा घरासमोरून गेली, हेही लिहा. सुटी घटना क्षुल्लक दिसते. सहा आठवड्यांची वही तक्रार कार्यालयापुढे ठेवली की चित्र वेगळं दिसतं.

नंतरचा क्रम असा. माणूस सुरक्षित जागी. वकील. मग त्याच दिवशी तक्रार कार्यालयाला, कर्ज देणाऱ्याला आणि मूळ कंपनीच्या मुख्यालयाला एकच पत्र, मूळ तक्रारीच्या क्रमांकासह. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क रक्षकांविषयीचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे या विषयासाठी नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ. हे पद २००० साली निर्माण झालं आणि त्यांच्याकडे पीडिताच्या संमतीने माहिती पाठवता येते. फ्रंट लाइन डिफेंडर्ससारख्या संस्था तातडीची मदत करतात. प्रसारमाध्यमं बाधित व्यक्तीला विचारूनच. प्रसिद्धीने काही जण वाचतात, काही जास्त अडचणीत येतात, आणि यातलं काय होईल ते बाहेरच्यापेक्षा तिला नीट कळतं.

दावा दाखल झाला, अब्रुनुकसानीचा किंवा धंद्याच्या नुकसानीचा, तर नोटिशीची मुदत चुकवू नका. असे दावे जिंकण्यासाठी कमी आणि दमवण्यासाठी जास्त भरले जातात, पण हजर न राहिल्यास ते खरोखर जिंकले जातात. युरोपीय संघाने २०२४ मध्ये अशा दाव्यांविरुद्ध निर्देश काढला. तो सीमेपलीकडे परिणाम असलेल्या दिवाणी प्रकरणांपुरता आहे, फौजदारीला लागू नाही. दाव्याची प्रत कर्ज देणाऱ्याला आणि खरेदीदाराला पाठवा आणि सोबत एकच प्रश्न विचारा: हा दावा तुमच्या मानवी हक्क धोरणात बसतो का? उत्तर लेखी मागा.

प्रकरण मिटलं आणि कार्यालयाने फाईल बंद केली, तरी नोंदवही चालू ठेवा. मी निदान वर्षभर ठेवतो, कारण बाहेरची माणसं निघून गेल्यावर पुढच्या कंत्राटात कोणाचं नाव गळतं ते त्याच वहीत पहिल्यांदा दिसतं.